सातबाऱ्यावर तेरा नावं

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. दुपारी घरातले सगळे श्रीखंड-पुरी खाऊन आडवे झाले होते आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन एक फाइल भरत होते. जगभरातल्या मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाला दहा लाख डॉलर देणारा फ्लॉस/फंड झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने नुकताच ऑक्टोबरमध्ये जाहीर केला होता. त्यासाठी प्रकल्पात 'फंडिंग डॉट जेसन' नावाची फाइल ठेवावी लागते. प्रकल्प कुणाचा, किती पैसे हवेत, कशासाठी, कुठल्या मार्गाने घेणार, असं सगळं त्यात लिहायचं. एक रकाना लायसन्सचा होता आणि तिथे ठरलेलं छोटं नाव टाकायचं होतं. माझ्यापुढे दोन पर्याय होते: 'जीपीएल २.० ओन्ली' किंवा 'जीपीएल २.० ऑर लेटर'. जीपीएल म्हणजे कोड वापरा, बदला, वाटा, पण बदलून वाटाल तेही याच लायसन्सखाली, असं सांगणारं लायसन्स.

सात वर्षं मी हा म्युझिक प्लेयर चालवत होते, पण यातलं आपलं कुठलं ते मला सांगता येईना.

पुढचे अकरा महिने त्या एका रकान्यात गेले. इंटरनेटवर याविषयी जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेतल्या माणसाने अमेरिकेतल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. नोकरी करणाऱ्या, पॅनकार्डवाल्या, यूपीआयवाल्या माणसाने काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय. प्लेयरचं नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात करायची नाहीये.

आधी थोडं मागचं. अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, कीर्तनांच्या आणि नाट्यसंगीताच्या सव्वाशे कॅसेट होत्या. २००४ च्या आसपास त्यांनी त्या सांगलीतल्या एका दुकानातून सीडीवर करून घेतल्या. दुकानदाराने सगळं डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या फाइलप्रकारात करून दिलं. अँड्रॉइड फोन डब्ल्यूएमए आपणहून वाजवत नाही. त्यात दीड-दीड तासाची कीर्तनं. फोन आला की प्लेयर बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. 'भाग १०' हा 'भाग २' च्या आधी दिसायचा. अण्णा वैतागून म्हणाले, "तू एवढी कंप्युटर इंजिनियर, आणि आम्हाला साधं कीर्तन ओळीने ऐकता येईना." जून २०१७ मध्ये मी तो प्लेयर लिहायला घेतला, कोड उघड्यावर ठेवला आणि हळूहळू माणसं येऊन भर घालत गेली.

लायसन्सचं म्हणाल तर पहिल्या दिवशी मी एका दुसऱ्या प्रकल्पाकडे बघून जीपीएलचा मजकूर चिकटवला आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर 'जीपीएल व्हर्जन २' असं लिहिलं. 'किंवा त्यानंतरचं कुठलंही' हे शब्द लिहिले नाहीत. मुद्दाम गाळले नव्हते, ते शब्द असतात हेच माहीत नव्हतं. गंमत अशी, की जीपीएलच्या मजकुरातच म्हटलंय, प्रकल्पाने व्हर्जनचा आकडा दिलाच नसेल तर घेणाऱ्याने कुठलंही व्हर्जन निवडावं. म्हणजे मी नुसतं 'जीपीएल' लिहून सोडलं असतं तर सुटले असते. नको तिथे काटेकोरपणा केला तो नडला.

नडला कसा, तर २०१९ मध्ये मी आवाज वाजवण्याचं इंजिन बदलून गूगलचं एक्सोप्लेयर घातलं. त्याचंच पुढे मीडिया३ झालं. ते अपाचे २.० लायसन्सखाली येतं. अपाचे २.० आणि जीपीएल ३ यांचं जमतं, अपाचे २.० आणि 'फक्त जीपीएल २' यांचं जमत नाही. पेटंटबद्दलच्या अटी एकमेकींच्या आड येतात आणि जीपीएल लिहिणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन (एफएसएफ) स्वतःच तसं सांगते. म्हणजे पाच वर्षं मी जे लोकांना वाटत होते, ते माझ्याच लायसन्सप्रमाणे वाटायला नको होतं. कुणी विचारलं नाही, एवढंच.

सगळा कोड माझा असता तर एका ओळीत बदलून मोकळी झाले असते. पण दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींचा कॉपीराइट त्याचाच राहतो. तो मला कुणी दिलेला नव्हता. माझ्या मामांनी तासगावची दीड एकर विकायला काढली तेव्हा सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाची सही लागली होती, मुंबईच्या मावशीपासून कुवेतच्या मामेभावापर्यंत. इथेही तेच. कोडचा इतिहास गिटमध्ये नोंदलेला असतो. गिटला विचारलं, कोणाकोणाच्या ओळी आहेत? सतरा नावं आली. त्यातली काही एकाच माणसाची दोन-दोन होती. 'रूट ॲट लोकलहोस्ट' हा कोण, यावर मी एक रात्र घालवली; तो रात्री दोन वाजता काम करणारी मीच निघाले. शेवटी मला धरून तेरा माणसं.

घाबरले होते. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरचं वाचलं आणि जरा धीर आला. पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांचा तो प्रकल्प २००१ मध्ये जीपीएलखाली आला. दहा वर्षांनी त्याचं इंजिन एलजीपीएलवर, म्हणजे जीपीएलच्या सैल भावंडावर, न्यायचं ठरलं, तेव्हा झाँ-बाप्तिस्त केम्फने २०११-१२ मध्ये दोनशेहून जास्त लोकांना एकेक करून गाठलं. आपले तर बाराच होते.

पण बाराजणांना विचारण्याआधी तेराव्या नावाचा, माझा, प्रश्न निघाला. मी २०१९ पासून पुण्यातल्या एका कंपनीत आहे. नेमणूकपत्रात एक कलम होतं: नोकरीच्या काळात तयार केलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम १७ फक्त नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टींबद्दल बोलतं, पण करारात जास्त लिहिलं असेल तर वाद घालायला जागा राहते. ज्या कोडचे हक्क माझे आहेत की नाहीत हेच नक्की नाही, त्यावर इतरांच्या सह्या कुठल्या तोंडाने मागायच्या?

११ नोव्हेंबरला ना-हरकत पत्रासाठी अर्ज केला. एचआरच्या पोर्टलवर यासाठी वेगळा प्रकार नव्हता, म्हणून 'इतर' मध्ये टाकला. 'इतर' मधली तिकिटं कोण बघतं हे शोधण्यातच तीन आठवडे गेले. मग एचआरकडून लीगलकडे, लीगलकडून परदेशातल्या ऑफिसकडे, तिथे नाताळची सुट्टी. दर सोमवारी सकाळी मी एक नम्र मेल करायचे. साहेबांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही नोकरी बदलताय का?" ३० जानेवारी २०२५ ला पत्र आलं, म्हणजे अर्ज केल्यापासून ८० दिवसांनी. पैसे लागले शून्य.

तुम्हाला हे करायचं असेल तर दोन गोष्टी पत्रात आवर्जून लिहून घ्या: प्रकल्पाचा नेमका पत्ता, आणि 'यापूर्वी केलेलं कामही' हे शब्द. पहिल्या मसुद्यात फक्त 'यापुढे' होतं. मी तसंच घेतलं असतं तर पाच वर्षांचं काम अधांतरी राहिलं असतं.

ते ८० दिवस नुसते वाट बघण्यात घालवले नाहीत. प्लेयरमध्ये बाहेरचं काय काय आहे याची मोजदाद केली आणि एका ठिकाणी पोटात गोळा आला. डब्ल्यूएमए वाजवायला मी एफएफएमपेग हे तयार मुक्त सॉफ्टवेअर वापरलं होतं. मुळात ते एलजीपीएलचं आहे. बांधताना, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवताना, जीपीएलचं बटण दाबलं तर अख्खं जीपीएल होतं. मी २०१८ मध्ये कुठूनतरी उचललेल्या स्क्रिप्टमध्ये तिसरंच एक बटण दाबलेलं होतं, 'नॉनफ्री'चं, एका एएसी एन्कोडरसाठी, म्हणजे आवाज एएसी प्रकारात साठवणाऱ्या भागासाठी. आमचा प्लेयर काही एन्कोड करत नाही, म्हणजे ते लागतही नव्हतं. स्क्रिप्ट पुन्हा चालवली तेव्हा शेवटून काही ओळी वर स्वच्छ लिहून आलं: लायसन्स, नॉनफ्री अँड अनरीडिस्ट्रिब्युटेबल. दुसऱ्याला देण्यास मनाई. सात वर्षांत ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून किती वेळा गेली असेल देव जाणे. बटण काढलं, फाइल थोडी लहानही झाली.

५ फेब्रुवारीला बाराजणांना मेल गेला. मेल आखूड ठेवला. काय बदलतंय (फक्त जीपीएल २ वरून 'जीपीएल ३ किंवा त्यानंतरचं'), का बदलतंय, तुमच्या किती ओळी आहेत, आणि पटत असेल तर याच मेलला 'मला मान्य आहे' असं उत्तर द्या. खाली मुद्दाम एक ओळ घातली: नाही म्हणालात तरी राग नाही, तुमचा भाग आम्ही नव्याने लिहू. नंतर दोघांनी सांगितलं, ती ओळ वाचूनच त्यांनी हो म्हटलं.

नऊजणांचा होकार दहा दिवसांत आला. त्यातल्या एकाने खोचकपणे विचारलं, "ताई, उद्या कुणाला विकणार नाही ना?" २०२१ मध्ये ऑडॅसिटी हे आवाज कापायचं-जोडायचं मुक्त सॉफ्टवेअर नव्या मालकाकडे गेलं, हातभार लावणाऱ्यांकडून वेगळा करार मागितला गेला आणि बराच आरडाओरडा झाला, हे त्याच्या डोक्यात होतं. रास्त शंका होती. मी त्याला म्हटलं, मी तुझे हक्क मागतच नाहीये, फक्त परवानगी मागतेय. हक्क तुझ्याकडेच राहतात, त्यामुळे मला एकटीला विकता येणारच नाही. त्याचं समाधान झालं. खरं तर तेव्हा माझंही नीट डोक्यात उतरलं. सातबाऱ्यावर तेरा नावं असण्याचा तोही एक फायदा.

एकाने साफ नाही म्हटलं. त्याला व्हर्जन ३ मुळातच नको होतं. लिनक्सचा गाभा आजही फक्त व्हर्जन २ वर आहे, लिनक्स लिहिणाऱ्या टॉरवाल्ड्सला जे नको ते मला का हवं, असा त्याचा सूर. मला पटलं नाही, पण मत त्याचं आणि कोडही त्याचा. त्याच्या ३४० ओळी म्हणजे झोपेचा टायमर. मी दोन पानं मराठीत लिहून काढली: टायमरने काय करायचं, चालू गाणं संपेपर्यंत थांबायचं का, आवाज किती वेळात खाली आणायचा. ती नागपूरच्या एका विद्यार्थिनीला दिली. जुना कोड तिने कधी पाहिलेला नव्हता आणि पाहू नकोस असं मी बजावलं. तिने आठ दिवसांत नवा टायमर लिहिला. असं करायचं असेल तर ती दोन पानं जपून ठेवा. नवा कोड जुन्यावरून उतरवलेला नाही हे दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

गोव्याच्या एकाने २०२० मध्ये कोंकणी भाषांतर दिलं होतं. त्याचा मेल परत आला नाही, पण उत्तरही आलं नाही. तीनदा लिहिलं, समाजमाध्यमांवर शोधलं. शेवटी मडगावच्या एका मैत्रिणीकडून ते भाषांतर नव्याने करून घेतलं.

आणि एक होता मिरजेचा. त्याचा मेल मात्र लगेच परत आला. जुन्या संदेशांमध्ये त्याच्या मित्राचा नंबर सापडला. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला माहीत नाही का? तो २०२१ च्या मे महिन्यात गेला. कोविडमध्ये." वय सव्वीस. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. क्रम लावण्याचा कोड त्याचा होता, २१२ ओळी. युनिकोडच्या, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या, यादीत ळ हा ल च्या जवळ बसतो, त्यामुळे यंत्राने नुसता क्रम लावला तर 'काळ' आधी आणि 'काव' नंतर येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. ते त्याने दुरुस्त केलं, 'भाग २' आणि 'भाग १०' चंही तोच बघायचा. त्या बदलाला त्याने शीर्षक दिलं होतं, 'ळ ला न्याय'.

२१२ ओळी पुन्हा लिहिणं अवघड नव्हतं. ओळखीच्या वकीलबाईंनी तेच सुचवलं. कॉपीराइट माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, तो वारसांकडे जातो, उगाच त्या घरात जाऊ नकोस, असं त्या म्हणाल्या. पण त्याच्या ओळी पुसून तसल्याच दुसऱ्या लिहायला माझा हात होईना. मित्राकरवी त्याच्या वडिलांना विचारलं. काका म्हणाले, या की.

१६ मार्च, रविवार. रात्रीच्या महालक्ष्मीने पहाटे मिरजेला उतरले. घर सतारमेकरांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. काका एसटीतून निवृत्त झालेले. मी जायच्या आधीच त्यांनी सगळं काढून ठेवलं होतं: मृत्यूचा दाखला, आधार, पेन. मी कागद समजावून सांगितला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि सही केली. काकू आतूनच ऐकत होत्या, एकदा फक्त चहा ठेवायला बाहेर आल्या.

परत आल्यावर वकीलबाईंना कागद दाखवला. त्यांनी डोक्याला हात लावला. मुलाचं लग्न झालेलं नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्यात अशा मुलाची पहिल्या वर्गातली वारस आई असते. वडील दुसऱ्या वर्गात येतात. सही काकूंची हवी होती. मला हे माहीत नव्हतं आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

वकीलबाईंनी कागदात आणखी दोन गोष्टी घातल्या, त्या सगळ्यांनी लिहून घ्याव्यात अशा आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. लायसन्सलाही हेच लागू होतं. म्हणून 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' आणि 'जगभर' हे शब्द घातले. बाकी नऊजणांनाही त्या दोन ओळींसाठी पुन्हा एकदा मेल करावा लागला. लोक चांगले होते, कुणी कुरकुर केली नाही. काकूंच्या कागदाला वकीलबाईंनी मुद्रांक लावायला सांगितला. शंभरचा मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून बंद, म्हणून पाचशेचा. नोटरीचे तीनशे.

५ एप्रिलला शनिवारी पुन्हा मिरज. या वेळी काकू समोर बसल्या. मी म्हटलं, काकू, त्याने लिहिलेलं कुणालाही वापरता यावं, बदलता यावं, त्यासाठी ही सही.

"आत्ता वापरता येत नाही का?"

"येतं."

"मग सही कशाला?"

मी एफएसएफ, अपाचे, पेटंट असं काहीतरी सुरू केलं आणि मध्येच थांबले. म्हटलं, "काकू, सुरुवातीला मी एक आकडा चुकीचा लिहिला होता. त्याने काही चुकवलेलं नाही."

त्या म्हणाल्या, "त्याचं नाव राहील ना तिथं?" मी लॅपटॉप उघडून फाइल दाखवली. पहिल्या ओळीत वर्ष आणि त्याचं नाव, इंग्रजीत. काकूंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग त्यांच्या फोनमध्ये प्लेयर घालून मागितला. त्यांच्याकडे हरिपाठाची एकच फाइल होती, त्यामुळे क्रम लावण्यासारखं काही नव्हतं. नोटरीकडे आम्ही तिघं रिक्षाने गेलो, दीड तास रांगेत बसलो. काकांना पहिली सही वाया गेल्याचं जरा वाईट वाटलेलं दिसलं. दुसऱ्या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांची सही घेतली.

१ मे २०२५ ला लायसन्स बदललं. जुन्या आवृत्त्या अर्थातच जुन्याच लायसन्सखाली राहतात, मागे जाऊन काही बदलत नाही. यापुढे कोड देणाऱ्याने प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ची, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं सांगणारी, ओळ घालायची, एवढा नियम केला. लिनक्सवाल्यांची ही पद्धत आहे, आणि वेगळ्या करारापेक्षा फार हलकी.

मग पैशांकडे वळले. खरं तर सुरुवात तिथूनच झाली होती.

फ्लॉस/फंडमध्ये आम्ही अर्ज केलाच नाही. तिथे किमान रक्कम १० हजार डॉलर, कमाल १ लाख. आणि ज्यावर जग उभं आहे अशा प्रकल्पांसाठी ते आहे. आमच्या प्लेयरवर अण्णांचं भजनी मंडळ उभं आहे. फंडिंग डॉट जेसन मात्र भरून ठेवली, त्याला पैसे पडत नाहीत आणि आपल्याला नेमके किती लागतात हे एकदा लिहून निघतं. आमचा आकडा निघाला वर्षाला ३८ हजार: डोमेन, चाचणीसाठी जुने फोन, आणि वर्षातून एकदा कुणालातरी भाषांतराचे पैसे. युरोपातल्या एनएलनेट या निधी देणाऱ्या संस्थेचंही बघितलं, ५ हजार ते ५० हजार युरो, दर दोन महिन्यांनी मुदत. पण युरोपशी नातं दाखवावं लागतं, ते माझ्याकडे ओढूनताणूनच होतं. सोडलं.

एफ-ड्रॉइड या फक्त मुक्त ॲप्सच्या स्टोअरवर जायला सात आठवडे लागले. तिथे सगळं मूळ कोडपासून त्यांच्याच यंत्रावर बांधलं जातं, आयती फाइल चालत नाही. त्यामुळे एफएफएमपेगही पहिल्यापासून बांधायची कृती लिहावी लागली. जानेवारीत ते 'नॉनफ्री' बटण सापडलं नसतं तर इथे नक्की अडकले असते. प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच. तिथे नव्या वैयक्तिक खात्याला बाराजणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आमचे चाचणी करणारे अण्णांच्या भजनी मंडळातले, सरासरी वय सत्तर. नवव्या दिवशी तबलजींनी फोनमधली जागा भरली म्हणून प्लेयर काढून टाकला. बारा सांगितलेत म्हणून बाराच घेऊ नका, सोळा घ्या.

पैसे मागायची लिंक प्ले स्टोअरच्या आवृत्तीत ठेवली नाही. २०१९ मध्ये वायरगार्ड या नावाजलेल्या ॲपला देणगीच्या लिंकपायी तिथून काढलं होतं, ते लक्षात होतं. आमच्या संकेतस्थळावर आणि एफ-ड्रॉइडच्या आवृत्तीत यूपीआय आहे. पहिले आले ५१ रुपये. मग ११, १०१, २५१. गोल आकडा कुणी पाठवतच नाही. तीन महिन्यांत १४,३०० रुपये जमले.

सीएंनी संकेतस्थळ बघून पहिलं काय सांगितलं असेल तर 'देणगी' हा शब्द काढा. देणगी म्हटलं की लोक करसवलतीसाठी ८० जीची पावती मागतात, आणि ती द्यायला आपण काही नोंदणीकृत संस्था नाही. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली भेट ५० हजारांच्या वर गेली की सगळीच करपात्र होते. त्यांचं म्हणणं, भेट-बीट काही नाही, सरळ उत्पन्न म्हणून दाखवा, रात्री झोप लागेल. आता तिथे 'हातभार' असं लिहिलंय.

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाने विचारलं, ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरांचा पडदा करून द्याल का, आम्ही १,२०० डॉलर देतो. त्यांना देणगी म्हणून द्यायचे होते. सीए ताडकन म्हणाले, परदेशातून देणगी हा शब्दच नको, एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, वाटेला कशाला जाताय. काम केलंत, बिल द्या. बिल द्यायचं म्हणजे बाहेरचं उत्पन्न, आणि कंपनीचं पत्र फक्त कोडपुरतं होतं. पुन्हा 'इतर' मध्ये तिकीट. या वेळी तीन आठवड्यांत झालं, कारण आता तिथे मला ओळखत होते.

पैसे ९ सप्टेंबरला निघाले आणि बँकेत नऊ दिवस अडकून राहिले. बँकेने कशासाठी आले त्याचा कोड विचारला होता आणि तो मेल स्पॅममध्ये पडला होता. सॉफ्टवेअरच्या कामासाठी पी०८०२ असतो. भेट-देणगीसाठी पी१३०२, तो चुकूनही लिहू नका. खात्यात १ लाख ३ हजार आणि वर काहीशे आले. बँकेकडून परकीय रकमेचं पत्र, एफआयआरए, मागून घेतलं. आपणहून देत नाहीत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटीची नोंदणी लागली नाही.

भाषांतराचे मडगावच्या मैत्रिणीला, टायमरचे नागपूरच्या मुलीला, वकीलबाईंनी फी घेतली नाही म्हणून त्यांना पैठणी, सीएंनी घेतली ती ४ हजार. प्रवास, मुद्रांक, नोटरी धरून लायसन्स बदलायला मला स्वतःला साधारण साडेसहा हजार पडले. उरलेल्यातून दोन जुने फोन घेतले.

१२ ऑक्टोबरच्या रात्री गोव्याहून मेल आला. फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर. 'बोटीवर होतो, आठ महिने. आत्ता उतरलो. मला मान्य आहे.' आणि खाली एक ओळ: नवीन भाषांतर बघितलं, 'वाजय' च्या जागी कुणी 'चलय' केलंय?

मी मडगावला फोन लावला. आता ते दोघं आपापसात भांडताहेत, आणि पुढची आवृत्ती त्या एका शब्दासाठी थांबली आहे.